झाकलेलं ताट

बसा जरा, एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तरी उठू नका.

केरबा शाहीर सरकारविरुद्ध पोवाडे गायला, म्हणून सात वर्षं तुरुंगात होता. माफी मागितली की सोडत होते, पण ती यंत्रापुढं मागायची. आवाजात खरा पस्तावा असला तरच हिरवा दिवा लागायचा. केरबाला दोनदा लाल लागला. गायल्याचा पस्तावा त्याला नव्हताच, मग आवाजात येणार कुठनं? तिसरी खेप शेवटची होती.

आदल्या दिवशी त्याची बायको गजरा भेटीला आली.

"उद्या तरी नीट माफी मागा," ती म्हणाली.

"कशाची मागू? माझं चुकलंच न्हाई."

"सरकारपाशी नसंल चुकलं. माझ्यापाशी? तुम्ही गावोगावी जेवून यायचा, अन् मी ताट झाकून उपाशी वाट बघायची."

"हे कधी बोलली न्हाईस."

"बोलायला घरी कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी केरबानं सरकारनं दिलेलाच कागद वाचला, पण डोळ्यांपुढं ते झाकलेलं ताट होतं. "माझं चुकलं," तो जणू गजरालाच म्हणाला. हिरवा दिवा लागला.

"आलास शेवटी ताळ्यावर," तुरुंगाचा साहेब म्हणाला.

घरी दोघं एका ताटात जेवली. मग केरबानं खुंटीवरचा डफ काढला.

आता तो तुमच्याही गावात गायला येईल. गाणं पोटभर ऐका, पण त्याला जेवायचा आग्रह तेवढा करू नका.