नळीचं तोंड

“काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही,” ट्रकच्या चाकाला दगड लावत नवरा बायकोला ओरडून म्हणाला. “नळीचा जोड पक्का नाही. बंद झालं की सायलेन्सरात पाणी शिरलंच म्हणून समज!”

ट्रकची मागची बाजू खाडीत होती आणि मागे जोडलेल्या गाड्यावर पाण्यात सोडायची नवी होडी. सायलेन्सर बुडणार म्हणून सासऱ्यांनी त्याला रबरी नळी जोडली होती आणि तिचं तोंड वर, केबिनच्या पाठीशी बांधलं होतं. आत सीटवर तान्हं बाळ झोपलेलं. पाण्यापासून लांब बरं, म्हणून आईनेच ते तिथे ठेवलं होतं आणि गुदमरू नये म्हणून मागची काचही सरकवून उघडी ठेवली होती.

“आमची पोरं होडीत वाढली,” सासरे हसले. “शिकलेल्या सुनेच्या पोराला हवासुद्धा खिडकीतली लागते!”

तीही हसली आणि होडीचा दोर धरून पाण्यात उभी राहिली. कान मात्र केबिनकडेच होते. पोर रडत नव्हतं, म्हणून निवांत होती.

होडी एकदाची तरंगली. तिने वळून पाहिलं. वारा फिरला होता आणि नळीचा धूर सरळ काचेतून आत जात होता.

दोर टाकून ती धावली. बाळाला बाहेर ओढलं तेव्हा त्याची मान कलंडली.

“श्वास आहे ना गं?” नवऱ्याने धापा टाकत विचारलं.

“इंजिनाच्या घरघरीत कळत नाहीये! बंद कर ते!”

त्यानेच चावी फिरवली.

तिने बाळाच्या नाकाशी कान नेला. सायलेन्सरात पाणी गुडगुडत शिरत होतं. तेवढंच ऐकू येत होतं.