मेंढ्या आणि राखणारे

लोकरीच्या शेडमध्ये मेंढपाळाची बायको लोकरीतली कुसळं वेचत बसली होती. नवरा वीज पडून गेला, त्याला पंधरवडा झाला होता. झाडाखाली दाटीवाटीनं उभा असलेला कळपही त्याच्याबरोबर गेला. मालकांनी तिचं काम चालू ठेवलं होतं, आणि आज नवीन मेंढ्यांचा ट्रक यायचा होता.

मालकांचे थोरले भाऊ दारात येऊन घुटमळले. जन्मभर हिब्रू धर्मग्रंथ शिकवलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. साधं काही विचारलं तरी ते आधी चष्मा पुसायचे.

"बरं झालं आलात, मास्तर," ती म्हणाली. "तुमच्या ग्रंथात वीज कुणावर पडते?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "का हो, ताई?"

"शाळेतली पोरं लेकीला म्हणतात, तुझ्या बापाला देवानं बाण मारला. पापी माणसालाच मारतो म्हणे. तिनं शाळाच सोडलीय. तिला काय सांगू? आणि उगाच बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

मास्तरांना खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. "बाण म्हटलंय खरं," ते म्हणाले. "देव शत्रूंवर विजांचे बाण सोडतो, असं स्तोत्रांत येतं. पण तीच वीज पावसाला वाटही करून देते, माणूस राहत नाही अशा रानातसुद्धा. तिथं कसलं आलंय पाप? आणि एक गोष्ट आहे. एका सज्जन माणसाच्या कळपावर आभाळातून आग पडते. मेंढ्या जळतात, राखणारे गडी जळतात. एकच गडी पळत येऊन निरोप सांगतो. त्या माणसाचा काडीचाही दोष नव्हता, हे गोष्टीत पहिल्यापासून सांगितलंय."

तिचे हात थांबले. "मग?"

"शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो. मेंढ्यासुद्धा."

"आणि गडी?"

मास्तरांनी मनातल्या मनात गोष्ट पुन्हा शेवटपर्यंत चाळली. ही गोष्ट त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवली होती.

"त्यांच्याबद्दल पुढे काही नाही," ते म्हणाले.

"ते पापी होते, असं तरी आहे?"

"नाही. तसंही कुठे नाही."

"एवढं पुरे. लेकीला एवढंच सांगते." तिनं पुन्हा लोकर पुढ्यात ओढली. थोड्या वेळानं म्हणाली, "तो जो पळत आला, त्याला कुणी बोललं का, मेंढ्या टाकून आलास म्हणून?"

"नाही बोललं."

"त्या दिवशी मी इथूनच लेकीच्या बापाला हाका मारत होते. मेंढ्या टाकून कसा येऊ, म्हणाला."

मास्तरांना फार वाईट वाटलं. त्यांनी चष्मा पुसला नाही, काढून हातातच धरला.

बाहेर ट्रक थांबला. "दादा, या बघायला," मालक खुशीत ओरडले. "पहिल्यांपेक्षा भारी आहेत."

ती उठली. अंगावरची लोकर झटकली आणि उतरणाऱ्या मेंढ्यांमधून वाट काढत पुढे गेली. नवा मेंढपाळ ट्रकचं फळकूट धरून उभा होता. कानशिलांवर केस पिकले होते. तिनं आधी त्याचं नाव विचारलं, मग घरी कोण कोण आहे ते.

"हे बघा भाऊ," ती म्हणाली, पण बघत होती मालकांकडे. "आभाळ गडगडलं की मेंढ्या असतील तिथं सोडायच्या आणि पळत यायचं."