डबे पुढे, इंजिन मागे

"हॉर्न लांब वाजला म्हणजे गाडी लांब आहे असं समजू नकोस, पोरी," इलायतियामामाने शालेश्नीला बजावलं होतं. कारखान्याची उसाची गाडी तोच चालवायचा. रिकामे डबे शेताकडे नेताना इंजिन मागून ढकलतं. पुढचा डबा मुकाट येतो. "मामा, या रुळांच्या कडेलाच लहानाची मोठी झालेय मी," असं म्हणून ती हसली होती.

त्या सकाळी बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर तिच्या नवऱ्याने, रोनीलने, मोटार थांबवली. दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस. शालेश्नीच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक, तिच्या लशीला उशीर झालेला. हॉर्न वाजला, पार ओढ्यापलीकडे.

"चल, लांब आहे."

"बाईसाहेबांचा हुकूम!" म्हणत त्याने मोटार रुळांवर घातली.

उसातून लोखंड बाहेर आलं. रोनीलच्या बाजूचं दार त्याच्या बरगड्यांत घुसलं. डब्यांनी मोटार फरफटत नेली, काचा शालेश्नीच्या तोंडावर फुटल्या. सगळं थांबलं तेव्हा स्टिअरिंग रोनीलच्या छातीत रुतलेलं होतं, आणि हॉर्न अजून लांबच वाजत होता. लेक किंचाळत होती, म्हणजे जिवंत होती.

चौकशी शाळेच्या हॉलमध्ये झाली. ड्रायव्हरने हॉर्न दिलाच नसणार, त्याला कामावरून काढू, असं कारखान्याचे साहेब म्हणाले. इलायतियामामा खाली मान घालून बसला होता.

"खाल्लास माझा पोरगा! बैस आता तोंड लपवून!" सासू त्याच्यावर धावून गेली.

शालेश्नीने फक्त गप्प बसायचं होतं. ती उठली.

"हॉर्न वाजला होता, अम्मा. 'चल' मीच म्हणाले."

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि चपला घालून चालती झाली. पुढच्या डब्यावर झेंडा घेऊन माणूस बसवा, असं शालेश्नीने साहेबांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

सासू तिच्याशी अजून बोलत नाही. शालेश्नी माहेरी असते. पण यंदा ऊसतोड सुरू झाल्यापासून म्हातारी रोज उजाडताच त्या क्रॉसिंगवर जाते. रोनीलचा लाल शर्ट काठीला बांधून रस्त्यात आडवी उभी राहते. मोटारवाले शिव्या घालतात, "ए बुढी, मरायचंय का?" शेवटचा डबा गेल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही.

तिला हल्ली कमी ऐकू येतं. नांदी शहराहून वर त्या रस्त्याने जाणार असाल, तर ती रुळांपासून दोन पावलं मागे उभी आहे ना, तेवढं बघा. शालेश्नीने विचारलंय असं मात्र सांगू नका.