भोगीचे दोन तास

फळ्यापुढं येडू उभा होता आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. मडिवाळप्पा गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'उद्या भोगी. नंदीध्वजांची मिरवणूक आपल्या गल्लीवरून जाणार असल्याने पहाटे पाचपासून दोन तास नळाला पाणी सुटेल.'

दोन तास! दुष्काळाचं ते वर्ष. एरवी अर्ध्या तासात नळ सूं सूं करायला लागायचे. आणि येडू काही वाटसरू नव्हता. गल्लीच्या पाण्याची चावी फिरवणारा तोच. पाणीखात्यात पाच वर्षं रोजंदारीवर राबत होता आणि कायम करायची ऑर्डर संक्रांतीनंतर निघणार, असं साहेबांनी त्याला तोंडानं सांगितलं होतं. तरी हा हुकूम काही त्याच्या कानावर आला नव्हता.

"झाला आसंल की हुकूम," तो स्वतःशीच म्हणाला. "गुरुजींनी लिवलंय म्हंजी झालं."

आता यात त्याचं तरी काय चुकलं? गुरुजींचा फळा म्हणजे काय चीज होती, ते मठ गल्लीत जाऊन विचारा. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं कट्ट्यावर बसून पाय हलवतात. या पठ्ठ्यानं पाराच्या भिंतीला फळा टांगला आणि रोज सकाळी गल्लीचा समाचार लिहायला घेतला. डीडीटी मारायला कधी येणार, गटार कधी उपसणार, रेशनला सणाची साखर किती, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे उभे राहिले का. तीन वर्षांत एक बातमी खोटी निघाली नव्हती. पाण्याची तर नाहीच नाही. येडूला कचेरीत दुपारी कळलेली गोष्ट दुसऱ्या सकाळी फळ्यावर हजर! एकदा टाकीजवळ पाइप फुटला, ते फक्त त्याला नि साहेबांना ठाऊक होतं. तेही आलं. वर कुणीतरी मोठा अधिकारी गुरुजींचा जुना विद्यार्थी असणार, असं येडूनं मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढी ओळख असून माणसाला गर्व म्हणून नाही, याचंच त्याला लई कौतुक वाटायचं.

भोगीच्या पहाटे पाचला त्यानं चावी फिरवली आणि सात वाजता बंद केली.

काय गल्ली दिसत होती म्हणता! बायकांनी मनसोक्त न्हाऊन घेतलं. मंद्रूपहून सावित्रम्माकडं अकरा पाहुणे आले होते, त्यांच्याही अंघोळी झाल्या. मग सगळ्यांनी मिळून रस्ता धुतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळी घातली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजांच्या उंच काठ्या घेऊन त्यावरून गेली, तेव्हा येडूचे डोळे भरून आले.

"येडू, तुझं कल्याण होईल बघ," सावित्रम्मा म्हणाली. "देव अनवाणी चालला, पण पायाला धूळ लागली नाही."

"मी कोन वो? वरचा हुकूम," येडू म्हणाला, पण छाती फुगलीच होती. दुपारी त्याची बायको अंबुबाई गुरुजींच्या घरची धुणीभांडी उरकून आली, ती भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊनच. एवढी गोड भाकरी त्यानं वर्षात खाल्ली नव्हती.

करीच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला उभं केलं.

"दोन तास चावी कुणाच्या हुकमानं सोडलीस?"

"हुकूम झाला व्हता की, सायेब."

"कुणी दिला?"

"फळ्यावर व्हता."

साहेबांनी हातातला कागद टेबलावर आपटला. येडूच्या नावाची कायमची ऑर्डरच होती ती, सहीवाचून राहिलेली. "टाकी तळाला गेली, आणि हा म्हणतो फळ्यावर होता! चल, दाखव तुझा फळा."

जीप पाराजवळ थांबली तशी गल्ली गोळा झाली. साहेब गुरुजींशी मात्र अदबीनं बोलले. "गुरुजी, ही बातमी तुम्हाला कुणी दिली?"

"तुमच्याच खात्यातून आली, साहेब. माणूस खात्रीचा आहे. नाव विचारू नका."

"का?"

"गरिबाची भाकरी जाईल. वाटलं तर फळा पुसा, मला पोलिसात न्या. नाव मी घेणार नाही."

तशाही वेळी येडूच्या मनात आलं, काय माणूस आहे! असा पाठीराखा आपल्याला मिळाला असता तर.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग हा येडू उद्यापासून घरी. त्याच्या ऑर्डरचा कागद मी फाडून टाकतो."

येडूनं गुरुजींचे पायच धरले. "गुरुजी, पोरंबाळं हायती मला. कोन त्यो मुडदा, त्याचं नाव सांगा की! त्याच्यापायी मी का मरू?"

"येडू, ऊठ. तू तरी विचारू नकोस."

"न्हाय, सांगाच! समद्यांम्होरं सांगा. हितंच त्याचं बखोट धरतो."

गुरुजींनी चष्मा काढला.

"अंबुबाई सांगते मला," ते हळूच म्हणाले. "रोज, भांडी घासताना. त्या दिवशी म्हणाली, 'आमचं मालक जेवताना म्हनलं, यंदा भोगीला गल्लीला दोन तास पानी सोडायचंच.'"