पहिली प्रत

"अजून एक पुठ्ठा घाल," मृणालिनी म्हणाली. "आडवा."

धम्मपालने पुठ्ठा आडवा घातला. एक पुठ्ठा उभा, एक आडवा, म्हणजे पाकीट कुठूनही वाकत नाही, हे लग्नाच्या चार वर्षांत त्याला पाठ झालं होतं. दोन पुठ्ठ्यांमध्ये बटर पेपर, बटर पेपरमध्ये चित्र. चित्र वहीच्या पानाएवढं, लिनोच्या मऊ लादीवर कोरून हाताने छापलेलं. नायगावच्या त्यांच्या चाळीतले जिने, नळ, दारांच्या कड्या. चाळ पाडून टॉवर होणार म्हटल्यावर लोकांना या कड्यांचं एकदम प्रेम आलं होतं, आणि मृणालिनीची चित्रं पार लंडनपर्यंत जात होती.

हे पाकीट मात्र गिरगावात जाणार होतं. तिच्या वडिलांकडे.

शामरावांचं गिरगावात बुकबाइंडिंगचं दुकान. जुन्या पोथ्यांची चिकटलेली पानं ओलाव्याने सोडवून ते पुन्हा जशीच्या तशी बसवायचे. कागद कसा धरायचा, कोपरे कसे जपायचे, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. पाकीट बंद करायची पद्धतही त्यांचीच. चिकटपट्टी नाही. खळीने लावलेली कागदाची पट्टी, आणि पट्टीवरून पाकिटावर जाणारी सही, कुणी फोडलं तर कळावं म्हणून.

तिने धम्मपालशी लग्न ठरवलं तेव्हा जात मध्ये आली. "आजपासून हिच्या हातचं काही या घरात राहणार नाही," असं शामराव शेजारपाजारच्यांदेखत बोलले. बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुकानाच्या पाटीवरचं चुकलेलं शुद्धलेखनही त्यांनी तीस वर्षं तसंच ठेवलं होतं.

तरी प्रत्येक नव्या चित्राची पहिली प्रत ती त्यांना पाठवायची. आठ-दहा दिवसांत पाकीट परत यायचं. तेच पाकीट, वर शामरावांच्या वळणदार अक्षरातला तिचा पत्ता चिकटवलेला. पट्टी जागच्या जागी, सही जशीच्या तशी.

"नको असेल तर पोस्टमनलाच सांगता येतं ना, घेत नाही म्हणून," धम्मपाल म्हणाला. "हे सही करून घेतात, मग रांगेत उभं राहून परत पाठवतात. या वयात."

"पोस्टमनचा काय दोष, म्हणत असतील."

"आणि वजन बघितलंस? जाताना जेवढं, येताना तेवढंच. एका ग्रॅमचा फरक नाही. आत काय आहे, एवढं तरी बघावंसं वाटायला हवं माणसाला."

तिला नेमकं हेच लागत होतं. बाबांनी रागाने फाडून टाकलं असतं तरी चाललं असतं. फाडायला आधी उघडावं तरी लागतं.

कपाटावर अशी सात पाकिटं होती. तिनेही त्यातलं एकही उघडलं नव्हतं. ती तिची नव्हतीच, बाबांची होती.

आठवं गेलं आणि नवव्या दिवशी परत आलं. त्याच दुपारी परळच्या एका कलादालनातून आरोही नावाची मुलगी आली. तिला चाळीची आठही चित्रं एकत्र हवी होती, कायमची मांडून ठेवायला.

"पंचवीस प्रती काढल्या की मी लिनो कापून टाकते," मृणालिनी म्हणाली. "पहिल्या सात चित्रांचं काहीच उरलेलं नाही."

"एकेक प्रतसुद्धा नाही, मॅम? चाळ गेल्यावर हेच राहणार आहे."

धम्मपालने कपाटाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "तू ठरव," तो म्हणाला.

मृणालिनी आजच आलेल्या पाकिटाकडे बघत राहिली. चारही कोपरे शाबूत. चार वर्षं ती एकाच माणसाची वाट बघत होती आणि आता थकली होती.

"आहेत," ती म्हणाली. "पहिल्या प्रती आहेत, आठही. घेऊन जा. ज्यांना नकोत त्यांच्यासाठी किती दिवस सांभाळायच्या?"

डोळे भरून आले. आरोहीला ते दिसू नये म्हणून ती लगबगीने स्टुलावर चढली आणि पाकिटं एकेक करून धम्मपालच्या हातात दिली. खाली उतरून तिने सगळ्यात जुनं पाकीट पुढ्यात घेतलं. पट्टीखालून सुरी फिरवली. एक पुठ्ठा उचलला. बटर पेपर तिने घातला होता तसाच होता, घडी न मोडता. आरोहीने ओढणीला हात पुसून पुढे केले.

मृणालिनीने बटर पेपर उलगडला.

आत कोरा कागद होता. त्याच जाडीचा, त्याच मापाचा, काटकोनात कापलेला.

तिने दुसरं पाकीट फोडलं. मग तिसरं. चौथ्याच्या वेळी सुरी धम्मपालने घेतली. आठवं फोडून झालं तेव्हा चटईवर आठ पांढरे कागद ओळीने पडले होते.

"मग चित्रं कुठे आहेत?" शेवटी आरोहीने विचारलं.

"माझ्या बाबांकडे," मृणालिनी म्हणाली.