हनुवटी खाली

"हनुवटी खाली," काकू म्हणाल्या. "आता गिळा. अंहं, बोलायचं नाही. पुन्हा एकदा गिळा."

चवमास्तरांनी निमूटपणे दोनदा गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं. मग काकूंनी स्वतः चमचाभर सूप घेतलं, हनुवटी छातीकडे नेली आणि दोनदा गिळलं. आपण करून दाखवल्याशिवाय हा माणूस पुढचा घास घेत नसे. लहान मूल परवडलं!

चार महिने हे असंच चाललं होतं. संध्याकाळच्या जेवणाला चांगला तासभर लागायचा. उतरतं ऊन टेबलावर यायचं, हळूहळू पाण्याच्या तांब्यापर्यंत सरकायचं, वाफ त्यात तरंगत राहायची. काकूंना वाटायचं, आपण दोघं एखाद्या तळ्याच्या तळाशी बसून जेवतोय. वरून कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडू लागलं होतं.

मास्तर बिस्किटांच्या कारखान्यात चाखणारे. माल खुसखुशीत झालाय की नाही, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. नाव पडलं ते त्यामुळेच. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. मास्तरांकडे दोन्ही होतं, गळ्याची वाटच तेवढी बंद झाली. आता कारखान्याने त्यांना पॅकिंगला बसवलं होतं.

मास्तरांना पहिला ठसका लागला तो बटाट्याच्या एका मऊ फोडीवर. चेहरा लाल, डोळे पांढरे. काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या आईचं शेवटचं वर्ष नाकातल्या नळीवर गेलं होतं. तेव्हापासून काकूंनी स्वतःसाठी म्हणून दवाखान्याची पायरी चढली नव्हती. नवऱ्यासाठी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच त्याला घेऊन दारात हजर.

तिथे गिळायला शिकवणारी एक तरुण बाई होती. काकूंनी तिचं नाव हनुवटीताई ठेवलं. एक्स-रेच्या मशीनसमोर बसून पांढरं दाट औषध प्यायचं म्हटल्यावर मास्तर अडून बसले.

"आधी हिला पाजा. हिला काही झालं नाही तर मी पितो."

"अहो, लाज वाटत नाही का?" म्हणत काकूंनी पेला उचलला.

नंतर हनुवटीताईने त्याचं चित्र पडद्यावर लावून दाखवलं. काकूंच्याच गळ्यातून एक पांढरा ढग उतरत होता. मध्येच तो थबकला, रेंगाळला, मग गेला. काकू बघतच राहिल्या. आपल्या आत इतकं निवांत काही चाललेलं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मास्तरांच्या पाळीला काकूंना बाहेर बसवलं.

"पाणी पावडर घालून दाट करायचं," हनुवटीताईने नंतर काकूंनाच समजावलं. "घास लहान. एखादा घास चुकीच्या वाटेने छातीत गेला तर जिवावर बेतेल. आणि काकू, यांच्यासमोर बसून तुम्हीही हेच खायचं, असंच गिळायचं. एकटे असले की हे पथ्य पाळणार नाहीत."

"पाळणार नाहीत म्हणजे? गाठ माझ्याशी आहे!"

फाइल मात्र मास्तर कामाच्या पिशवीत ठेवायचे. "तू वाचशील आणि उगाच जिवाला घोर लावून घेशील," म्हणायचे.

काकूंनी नेटाने सगळं केलं. "मी मागून निवांत जेवते" म्हणून वर्षभर त्या स्वयंपाकघरात एकट्याच जेवत होत्या, त्या आता टेबलाशी बसू लागल्या. जेवताना येणारा त्यांचा जुना खोकलाही गेला. हवा बदलली, दुसरं काय. मनगटावर ढिलं झालेलं घड्याळ पुन्हा नीट बसू लागलं. "यांचं पथ्य माझ्या पथ्यावर पडलं," त्या शेजारणीला हसत सांगायच्या.

त्या दिवशी मास्तर सुपाचा थर्मास घरीच विसरले. काकू तो घेऊन कारखान्यावर गेल्या. भाजलेल्या पिठाचा गोड वास रस्त्यावर पसरला होता. चालता चालता झोप यावी असा वास.

"मास्तर ना? चाखायच्या खोलीत," फाटकावरचा म्हणाला.

"चाखायच्या? ते तर पॅकिंगला असतात."

"कधीपासून?" त्यानेच उलट विचारलं.

काकू भराभरा चालत काचेच्या खोलीपाशी पोचल्या. आत मास्तर उभे होते. हातात जाडजूड टोस्ट. कोरडा ठणठणीत. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि चावा घेतला. काचेबाहेरही आवाज आला, कडाड.

"थुंका!" काकूंनी दार ढकललं. "आधी थुंका ते!"

मास्तर इतके दचकले की तोंडातलं सगळं एकदम गिळून बसले. ठसका नाही, काही नाही.

"चार महिने मी घास मोजतेय तुमचे, आणि तुम्ही इथे टोस्ट फोडताय? आईसारखी नळी लावून घ्यायचीय? तुम्हाला काही झालं तर मी कुणाबरोबर जेवू हो?" काकूंना रडू आवरेना.

"अगं, ऐक तरी—"

"काही ऐकायचं नाही. आत्ता हनुवटीताईला फोन करते."

नंबर फाइलवर होता. पिशवी खुंटीला लटकत होती. काकूंनी तिच्यात हात घातला.

"ती फाइल राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "हात जोडतो. घरी जाऊन मीच सांगतो."

काकूंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि फाइल उघडली. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, निळ्या शाईने लिहिलं होतं: रुग्ण – स्त्री, वय एकसष्ट.