गेटवरची परवानगी

आई गेली, तरी बनशंकरीतल्या सोसायटीच्या गेट ॲपवरून यशश्रीने तिचा नंबर काढला नव्हता. आईचा फोन बंद होऊन कपाटात पडला होता. हयात असताना आई रोज संध्याकाळी त्यावरून विचारायची, "येतेस ना? पानं घेऊ?" आणि यशश्री ऑफिसातून उत्तर टाइप करायची, "तू जेवून घे."

त्या संध्याकाळी यशश्रीच्या मोबाइलची बॅटरी संपली होती आणि गेटवर वॉचमन नवा होता.

"मी इथंच राहते, अण्णा."

"सरी, बरं मॅडम. पण घरून ओके यायला हवं."

"घरी कुणी नाही. ही बघा, किल्ली माझ्याकडेच आहे."

त्याने तरीही ॲपवरचा फ्लॅटचा नंबर, आईचा, लावला. कुणी उचलणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे ती भाजीची पिशवी सावरत निवांत उभी राहिली.

"नमस्कार, अम्मा," वॉचमन फोनवर म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "सरी अम्मा, सरी."

फोन ठेवून त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सोडू नको म्हणाल्या."

"कोण म्हणालं?"

"अम्मा. मुलगी केव्हाच घरी आलीय म्हणाल्या. दोघी जेवायला बसल्यात."